जाळीच्या मुखवट्याखाली

माझ्या सासूबाई कौमुदी मोहरील शांत बसल्या आहेत, असं दृश्य मी लग्नानंतर कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आमचं घर. खाली सासू-सासरे, वर आम्ही. सकाळी माझे डोळे उघडायच्या आधी त्यांचा आवाज जिना चढून वर यायचा. दूधवाल्याशी छत्तीसगढीत हुज्जत, शेजारणीची हिंदीत चौकशी, सासऱ्यांना वऱ्हाडीत दम, आणि या सगळ्याच्या मधूनच देवपूजा. एका हातात घंटी, दुसऱ्या हाताने गॅस बारीक करणं, खांद्याने कानाशी दाबलेला फोन आणि तोंडाने स्तोत्र. स्तोत्रात मध्येच "पिंके, डबा घेतला काय वं?" असं यायचं आणि पुन्हा त्याच ओळीवरून गाडी पुढे. माझी मुलगी पिंकी वरून ओरडायची, "ले लिया, आजी!" देवालाही त्याची सवय झाली असावी.

मोहरील मूळचे आर्वीकडचे. आजेसासरे रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. सासरे दिवाकरराव हेही रेल्वेतच कारकून होते. मितभाषी माणूस. त्यांच्या वाट्याचंही आईच, म्हणजे सासूबाईच, बोलून घ्यायच्या. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, राममंदिरात गुरुवारी बायकांचं भजन असायचं, तिथे आईंचा आवाज सगळ्यांच्या वर. तो गोड नव्हता, पण असा खणखणीत की ढोलकीवाली त्यांच्याकडे बघून ठेका धरायची.

दोन गोष्टींना मात्र त्या घाबरायच्या. एक शांतता आणि दुसरी बंद जागा. लिफ्टमध्ये पाय ठेवायच्या नाहीत. न्हाणीघराचं दार लोटून घ्यायच्या, कडी लावायच्या नाहीत. उन्हाळ्यात रायपूरची प्रत्येक बाई तोंडाला ओढणी गुंडाळून बाहेर पडते, पण आईंनी एकदाही गुंडाळली नाही. नाकावर कापड आलं की त्यांना गुदमरायचं. लहानपणी काही झालं होतं का, असं मी एकदा विचारलं.

"काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "मले जमत नाही, बस."

एका वर्षी नवरात्रात त्यांचा आवाज बसला. सगळ्यांनी म्हटलं, गाऊन गाऊन बसला असेल. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. दिवाळी गेली तरी आवाज फाटलेलाच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणीतरी हसून म्हणालं, "कौमुदीताई, आता तुम्ही पुरुषांच्या भजनात जा." आई हसल्या. पण घरी आल्यावर स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "शर्मिष्ठा, मले डॉक्टरकडे घेऊन चाल." स्वतःहून डॉक्टरचं नाव त्यांनी पहिल्यांदाच काढलं होतं.

नाकातून दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासायला पाठवला. स्वरयंत्राच्या पडद्यावर गाठ होती आणि ती वाईट होती. नव्या रायपुरातल्या एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं: लवकर सापडलंय, कापाकापी नको, फक्त सिकाई. किरणांचा शेक. शनिवार-रविवार सोडून रोज, सहा-सात आठवडे. खुर्चीत बसलेल्या आई मान डोलावत होत्या. टेबलाखाली त्यांची चप्पल सारखी हलत होती.

त्या दिवसापासून घरातला आवाज वाढला. घसा साथ देईना म्हणून त्या भांडी आपटायला लागल्या. टीव्ही सकाळपासून सुरू. फोनवर जो जे सांगेल ते त्या ऐकायच्या. कुणी गोमूत्र सांगे, कुणी पपईच्या पानांचा रस, कुणी अमुक देवीचा नवस. नवस तर इतके बोलल्या की कोणता कोणाला हेच त्यांच्या लक्षात राहीना. दुपारी टीव्ही बंद करून मी म्हटलं, "आई, जरा पडा." त्या दचकून उठल्या.

"बंद नको करू. घर खायले उठते."

माझा नवरा निरंजन तेव्हा बलौदाबाजारकडे सिमेंटच्या कारखान्यात होता, फक्त रविवारी घरी यायचा. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून आईंना रोज नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. माझं ऑफिसही नव्या रायपुरातच होतं, साहेबांनी सकाळची सूट दिली.

सिकाईच्या आधी मुखवटा करतात हे मला माहीत नव्हतं. गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची पांढरी, भोकाभोकांची चादर चेहऱ्यावर आणि खांद्यांवर ताणून बसवतात. ती थंड झाली की माणसाच्या चेहऱ्याचा कडक साचा तयार होतो. आई बाहेर आल्या तेव्हा कपाळावर आणि गालांवर जाळीचे वळ उमटले होते.

"गरम पोळी थोबाडावर टाकल्यावानी वाटलं," त्या म्हणाल्या. "पण झालं आता. एवढंच असते नं?"

मी "हो" म्हटलं. खरंच तसं समजत होते मी.

सिकाईच्या पहिल्या दिवशी खरं काय ते कळलं. त्या खोलीची भिंत हातभर जाड, दार लोखंडी आणि मोटरवर सरकणारं. आत एक उंच टेबल. माणसाला त्यावर उताणं झोपवायचं, तोच मुखवटा चेहऱ्यावर चढवायचा आणि टेबलाला खटक्यांनी पक्का करायचा. मग सगळ्यांनी बाहेर जायचं आणि दार बंद करायचं. गाठीवर नेमके किरण पडावेत म्हणून मान केसभरही हलता कामा नये.

मी बाहेर बाकावर होते. आधी खटक्यांचे आवाज आले, एकामागून एक. मग आईंच्या फाटक्या घशातून असा आवाज आला की बाकावरची सगळी माणसं उभी राहिली. जनावराला धरल्यावर ते जसं ओरडतं, तसा. आतल्या माणसांनी घाईने खटके सोडले, आणि दार बंद व्हायच्या आत त्या इस्पितळाच्या निळ्या झग्यात, अनवाणी, माझ्यासमोरून निघून गेल्या. मी हाक मारली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पायऱ्या उतरून, फाटकातून, थेट रस्त्यावर.

नव्या रायपूरचे रस्ते ज्याने पाहिले असतील त्याला कळेल. तीन गाड्या शेजारी शेजारी जातील एवढी एक एक बाजू, मधे दुभाजक आणि माणूस नावाला नाही. झाडं तेव्हा काठीएवढी होती, सावली कसली देणार? दूरवर एखाद्या सरकारी इमारतीची काच चमकते आणि तिच्यापलीकडे नुसतं माळरान. त्या एवढ्या मोकळ्या जागेत आई एकट्या चालत होत्या, झपाझप, कुठे ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी धावत मागे. मला आठवतं, मला त्यांच्या आजाराची भीती वाटत नव्हती त्या क्षणी. मागून एखादी गाडी भरधाव येईल, एवढीच भीती होती.

"आई, थांबा! पाय भाजताहेत तुमचे!"

"भाजू दे."

"आई, ऐका माझं."

त्या थांबल्या. दुभाजकाच्या कठड्यावर बसल्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"मले मरू दे शर्मिष्ठा," त्या म्हणाल्या, "पण त्याच्यात नको टाकू. तुले हात जोडते." आणि खरंच सुनेपुढे हात जोडले त्यांनी. मी त्यांचे हात धरून खाली केले. आम्ही दोघी त्या उन्हात तशाच बसून राहिलो, शेवटी इस्पितळाचा चौकीदार चपला घेऊन आला.

पुढचे काही दिवस त्या गेल्याच नाहीत. डॉक्टरांचा फोन आला, उशीर करू नका, गाठ थांबत नसते. निरंजन सुट्टी काढून आला, समजावून पाहिलं, रागावला, मग परत कामावर गेला. आई टीव्हीसमोर बसून. टीव्हीवर काय चाललंय हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एका सकाळी सासरे न्हाणीघरात गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. आत नळ धो धो सुरू होता. आई दारापाशी गेल्या, हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबल्या. नळाच्या आवाजाआडून रडण्याचा आवाज येत होता. जन्मात ज्यांनी आवाज चढवला नाही, ते दिवाकरराव आत रडत होते. आई तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे आल्या.

"गाडी काढ. जाऊन पाहू."

या वेळी गुंगीची गोळी दिली होती. मशीनवर शकुन साहू नावाची भिलाईची मुलगी होती, सगळ्या रोग्यांना अम्मा-बाबा म्हणणारी. तिने आईंना आधी नुसतं टेबलावर झोपवलं, मग मुखवटा नुसता ठेवून काढला, मग एक खटका लावून काढला. असं करत करत एकदाची सिकाई झाली. आई बाहेर आल्या तेव्हा झगा घामाने अंगाला चिकटला होता. गोळीने झोप आली नव्हती, पाय तेवढे जड झाले होते. "भेव तसंच राहिलं अन् पळता येईना, असं झालं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळी नाकारली.

मग शकुनने विचारलं, "अम्मा, गाना लगा दूँ?" आईंच्या मंडळाचं भजन माझ्या फोनमध्ये होतं. ते आतल्या स्पीकरवर लावलं. आईंना बरं वाटलं. पण शकुन कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहून कपाळाला आठ्या घालायला लागली. सिकाईच्या आधी मशीन गळ्याचा फोटो घेतं, तो आधीच्या फोटोशी जुळावा लागतो. तो जुळेना. पुन्हा घेतला. पुन्हा जुळेना. शकुन आत गेली.

"अम्मा, गला हिल रहा है. आप गा रही हैं क्या?"

आई गात होत्या. ओठ मिटलेले होते, पण घसा भजनाबरोबर चालला होता. भजन बंद केलं. तरी घसा हलतच होता.

"अब क्या बोल रही हैं अम्मा?"

"राम म्हणून राहिली," आई जाळीखालून कुजबुजल्या. "मनातच म्हणून राहिली."

शकुन हळूच म्हणाली, "थोड़ी देर वो भी मत बोलिए अम्मा. बस दो-चार मिनट."

त्या दिवशी परतताना तेलीबांध्याच्या तलावापाशी सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आई म्हणाल्या, "गोळी गेली, गाणं गेलं. आता माह्या देवाचं नाव पण बंद केलं त्यायनं."

"आई, तेवढ्यापुरतंच."

"तुले नाही समजत. शेवटच्या श्वासाले नाव पाहिजे म्हणतात. अन् मी तिथंच गेली तर? दार बंद, कोणी नाही, तोंडावर जाळी, अन् तोंडात नाव नाही. मंग मी कोणाले धरू?"

सिग्नल सुटला होता, मागचा हॉर्न वाजवत होता. मी गाडी पुढे घेतली.

बाहेरच्या बाकावर रोज आमच्या आधी एक जोडपं बसलेलं असायचं. अभनपूरजवळच्या खेड्यातला नत्थू आणि त्याची बायको कमला. नत्थूच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती, त्याला बोलता यायचं नाही. कमलाच त्याच्यासाठी बोलायची. आपल्या घरासारखंच, असं आईंना वाटलं असावं. त्याच्याकडे पाहायचं आधी त्या टाळायच्या. एक दिवस मात्र आईंनी त्याला सरळ विचारलं, "भैया, भीतर में डर लागथे का?"

नत्थूने आईंकडे पाहिलं. मग मांडीवरचा उजवा हात उचलून त्यांच्यासमोर धरला. हात थरथरत होता, वाऱ्यात पान हलावं तसा. तो त्याने लपवला नाही. कमला म्हणाली, "हव दीदी, अब्बड़ डर लागथे इनला. रोज." हो, फार भीती वाटते यांना.

आईंनी आपला हात त्याच्या हाताशेजारी धरला. तोही तसाच थरथरत होता. नत्थूच्या डोळ्यांत हसू आलं. नळीतून फुस्स असा आवाज निघाला, तो हसण्याचा होता. त्या दिवसापासून ते दोघं रोज आत जायच्या आधी एकमेकांना हात दाखवायचे. आजचा जास्त हलतोय की कालचा. तेवढंच त्यांचं बोलणं.

मग एका सोमवारी बाक रिकामा होता. मंगळवारीही. बुधवारी आम्ही फाटकातून आत शिरत होतो, तेव्हा कमला बाहेर येताना दिसली. एकटीच. डोक्यावर बोचकं, हातात स्टीलचा डबा. आईंना पाहून ती थांबली.

"ओमन नइ रहिन, दीदी," ती म्हणाली. ते राहिले नाहीत. रविवारी छातीत कफ भरला आणि सकाळपर्यंत सगळं संपलं. ती इथल्या धर्मशाळेत राहिलेले कपडे न्यायला आली होती.

आईंनी तिला जवळ घेतलं. कमला रडली नाही, आई रडल्या. ती गेल्यावर आई बाकावर बसल्या, तर शकुनने लगेच नाव पुकारलं. त्या उठल्या. मला वाटलं, आता पुन्हा त्या रस्त्यावर धावत सुटणार. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखांच्या खुणा संध्याकाळपर्यंत राहिल्या. पण गेल्या आत. त्या दिवशी दोनदा मुखवटा काढून पुन्हा लावावा लागला.

त्यानंतरचे दिवस सगळ्यात वाईट. घसा आतून भाजून निघाला होता. पेजेचा घोट गिळतानाही डोळ्यांतून पाणी यायचं. गळ्याची कातडी काळी पडून सोलायला लागली. आवाज पूर्ण गेला, नुसती हवा. देवापुढे त्या बसायच्या, पण घंटी वाजवायच्या नाहीत. मी एकदा डोकावले, तर त्या मूर्तींकडे रोखून पाहत होत्या. चुकीच्या घरात आलेल्या माणसाकडे पाहावं तशा.

आणि मग तो दिवस आला. आई आत गेल्या, खटके लागले, दार सरकून बंद झालं. मशीन सुरू झाल्याची घरघर ऐकू आली आणि थोड्या वेळात इमारतीतले सगळे दिवे गेले. पंखे थांबले. शकुनच्या टेबलावरचा पडदा काळा पडला.

"जनरेटर अभी आ जाएगा," कोणीतरी म्हणालं. जनरेटर आला, दिवे लागले, आणि लगेच मोठा आवाज होऊन पुन्हा गेले. शकुनने भिंतीवरचं बटण दाबलं. दार हललं नाही. तिने पुन्हा दाबलं. मग ती पळत गेली आणि दोन माणसांना घेऊन आली. दाराच्या बाजूला हाताने फिरवायचं चाक असतं, ते त्यांनी फिरवायला घेतलं. चाक फिरेना, जाम झालं होतं.

मी दाराला कान लावला. आतून काहीच येत नव्हतं. ओरडणं नाही, रडणं नाही. पहिल्या दिवशीची ती किंकाळी मला आता हवी होती. आवाज आला असता तर आई जिवंत आहेत एवढं तरी कळलं असतं. मी दारावर थापा मारल्या. "आई! आई, आम्ही येतोय!" त्या जाड भिंतीतून काय जाणार होतं? शकुन माझ्या शेजारी उभी राहून रडायला लागली होती. "अम्मा को बंद जगह से कितना डर लगता है," ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती.

एका माणसाने कुठूनसा लोखंडी दांडा आणला, चाकात अडकवून जोर लावला. दार बोटभर सरकलं. मग हातभर. मी कोणाची परवानगी न विचारता त्यातून आत घुसले. मोबाईलच्या उजेडात टेबल दिसलं. आई जशा झोपवल्या होत्या तशाच, सरळ, हात अंगालगत. पांढऱ्या जाळीखाली चेहरा. काहीही हलत नव्हतं.

मी मनातल्या मनात निरंजनला काय सांगायचं याची जुळवाजुळव सुरू केली, हे मला आजही आठवतं.

मग त्यांची छाती वर झाली. सावकाश खाली आली. पुन्हा वर.

शकुनने खटके काढले. मुखवटा निघाला. आईंचे डोळे उघडे होते, कानांपर्यंत पाण्याचे ओघळ गेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शकुनकडे. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"आजची बाकी आहे नं अजून?" त्या म्हणाल्या. "लाईट आले की लावा परत."

मला वाटलं त्यांना भ्रम झालाय. पण वीज आली, मशीन तपासलं, डॉक्टर स्वतः येऊन उभे राहिले, आणि आई पुन्हा त्या टेबलावर आडव्या झाल्या. या वेळी फोटो पहिल्याच फटक्यात जुळला.

काय झालं हे त्यांनी लगेच सांगितलं नाही. आवाजही नव्हता. सिकाई संपल्यावर, बऱ्याच दिवसांनी, मी त्यांना दुपारी मऊ भात भरवत होते तेव्हा आपणहून बोलायला लागल्या. घोगरा, हळू आवाज.

"लाईट गेले तवा मी ओरडली होती, शर्मिष्ठा. पण आवाज कुठं होता? आतल्या आतच राहिला. हात सोडवाले गेली तर खांदे बांधलेले. मंग म्हटलं, मशीन बंद आहे, आता कोण अडवते, आता नाव घेतो आपण. अन् नावच आठवेना. इतक्या वर्षांचं नाव! 'र' पण नाही आठवला. तवा वाटलं, संपलं. देव पण गेला."

मी चमचा ताटलीत ठेवला. "मग?"

"मंग काय? करायले काही उरलंच नव्हतं. पडून राहिली. किती वेळ ते नाही माहीत. मंग कानात आवाज आला, श्वासाचा. जाळीतून येऊन राहिला, जाऊन राहिला. माहा श्वास. मी नव्हती घेत तो. मी तर घाबरून अर्धी मेली होती. मंग हे कोण करून राहिलं? जन्मापासून कोण करून राहिलं? मले काही त्याची आठवण ठेवा नाही लागली कधी." त्या थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या. "म्हटलं, मले त्याचं नाव आठवून नाही राहिलं. पण त्याले माहं आठवते वाटते."

"आणि भीती? गेली?"

"छे वं. कायची जाते? इथंच होती, उरावर बसून." त्यांनी छातीला हात लावला. "पण इतके दिवस मले वाटे, मी धरून आहे म्हणून तो आहे. मी सोडलं की गेला. त्या दिवशी हातातून सगळंच सुटलं, अन् मी पडली नाही. बस, एवढंच झालं. याच्यात मोठं काही नाही. दे, भात थंडा होऊन राहिला."

याला आता बरीच वर्षं झाली. आवाज परत आला तो जाडाभरडा, गाण्याच्या कामाचा नाही. बोलतात अजूनही पुष्कळ. दूधवाल्याशी भांडण आहेच, आणि नवसांपैकी जे आठवले ते सासऱ्यांना बरोबर घेऊन फेडून आल्या. पण दुपारी जेवणं झाली की फोन स्वयंपाकघरात ठेवून मागच्या खोलीत जातात. टीव्ही बंद. जपमाळ नाही, पोथी नाही. पिंकी एकदा म्हणाली, "आजी, बोर नहीं होतीं आप? करती क्या हैं?" त्या म्हणाल्या, "काही नाही करत. बसते." पिंकीला ते उत्तर वाटलं नाही, ती खांदे उडवून गेली.

भीती मात्र पूर्ण गेलेली नाही, हे मी खोटं सांगणार नाही. लिफ्टमध्ये त्या आजही चढत नाहीत. तपासणीची तारीख जवळ आली की त्यांचं जेवण कमी होतं, माझंही होतं. मागच्या वेळी दुर्बिणीच्या खोलीबाहेर आम्ही बसलो होतो. आत आधीचा रोगी होता, त्याला बराच वेळ लागत होता, आणि वेळ लागतोय म्हणजे काहीतरी सापडलंय असं मला उगाच वाटायला लागलं. मी फोन काढला, बंद केला, परत काढला. आईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"भेव लागून राहिलं काय?" त्यांनी विचारलं.

"हो आई. तुम्हाला?"

"लागून राहिलं नं." त्यांचा हात माझ्या हातावर आला, बर्फासारखा गार. "बस अशीच. काही करू नको."

आम्ही बसलो. समोरच्या भिंतीवर पाल होती, तीही हलत नव्हती. शेजारी त्यांचा श्वास सावकाश चालला होता. नाव पुकारल्यावर त्या उठल्या, पदर खोचला आणि आत गेल्या. दार त्यांच्यामागे बंद झालं.

बाहेर आल्या तेव्हा डॉक्टर मागोमाग दारापर्यंत आले आणि मला म्हणाले, या वेळीही गळा साफ आहे. मी भिंतीला टेकले. आईंनी पिशवीतून माझा फोन काढून मला दिला आणि म्हणाल्या, "तुह्या सासऱ्यायले सांग आधी. सकाळपासून चहा नाही घेतला त्यायनं."